फायरवायर आणि मोरबांगडी पैठणी

शॉमबर्गातल्या मराठी घरी पाहुणे आले की त्यांना हौसेने सगळं घर दाखवतात, पण बेसमेंटच्या दाराशी यजमानांचं पाऊल अडतं. "खाली काही विशेष नाही, सामान आहे," असं म्हणून पाहुण्यांना चहाकडे वळवलं जातं. खाली विशेष खूप असतं. ट्रेडमिल असतं, त्यावर वाळत घातलेल्या चादरी असतात, चादरींच्या मागे मागच्या कुठल्यातरी गणपतीचं थर्माकोलचं मखर असतं, आणि मखराच्या मागे निळ्या झाकणाचा एक प्लास्टिकचा खोका असतो. खोक्यात वायरी असतात. घरातल्या बाईने तो खोका दर उन्हाळ्यात गराजपर्यंत नेलेला असतो आणि घरातल्या पुरुषाने तो तिथून परत आणलेला असतो. पुरुषाचं म्हणणं तीन शब्दांचं: "असू दे, लागेल."

कशाला लागेल, हे त्याला सांगता येत नाही. आमच्या खोक्यात प्रिंटरच्या जाड वायरी आहेत, ज्यांचे प्रिंटर केव्हाच गेले. टेलिफोनच्या वायरी आहेत. घरात टेलिफोन नाही. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर आहे आणि त्याच्या आधीचा जाड पिनचाही आहे. एक मोटोरोलाच्या रेझर फोनचा आहे. त्याला तर हात लावायची सोय नाही, कारण नवरा मोटोरोलात होता.

तसं हे गावच वायरवाल्यांचं. ओहेअर विमानतळाच्या पलीकडे, शिकागोच्या वायव्येला. 1976 साली मोटोरोलाने आपलं मुख्यालय इथे आणलं आणि पुढे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर इथे येत राहिले. त्यामुळे आमच्याकडच्या पिकनिकला पोह्यात मीठ कमी पडलं तर कोणी बोलत नाही, पण माइकमधून खरखर आली की निम्मी पिकनिक उठून उभी राहते. 2011 साली कंपनीची दोन शकलं झाली, 2016 साली मोटोरोला सोल्युशन्सने मुख्यालय शिकागो शहरात नेलं. जुन्या आवाराच्या एका भागात आता झुरिक या विमा कंपनीची इमारत आहे, तीन लांबलचक ठोकळे एकमेकांवर आडवेतिडवे ठेवलेली. हायवेवरून जाताना नवरा दर वेळी सांगतो, "इथे माझं पार्किंग होतं." लॅब कुठे होती ते सांगत नाही. इथल्या जानेवारीत गाडीपासून दारापर्यंत चाललेल्या माणसाला पार्किंगच जास्त लक्षात राहतं.

आणि आमचा वुडफील्ड मॉल घ्या. 1971 साली उघडला, तेव्हा सिअर्सचे रॉबर्ट वुड आणि दुकानदार मार्शल फील्ड या दोघांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलं. मार्शल फील्डच्या दुकानाचं 2006 साली मेसीज झालं. सिअर्स 2021 साली बंद पडलं. दोघेही गेले, मॉल मात्र दोघांचं नाव लावून उभा आहे आणि शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा असलेली सोय काढून टाकून निवांत राहण्याची कला काही भोकं काढणाऱ्या लॅपटॉपवाल्यांनीच शोधलेली नाही.

तर अशा गावात, अशा घरात, आमच्या मुलाने पहिल्या पगारातून आम्हाला नवा लॅपटॉप घेऊन दिला. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही. हल्ली सगळे सारखेच दिसतात आणि सारखेच वागतात. पातळ, हलका, डाव्या बाजूला सी-टाइपची दोन भोकं. उजवी बाजू कोरी. सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला.

"एवढ्या पैशात दोनच भोकं?"

"आजी, आता पोर्ट्स कोणी वापरत नाही. सगळं वायरलेस आहे."

"मग ही दोन तरी कशाला ठेवली?"

"एक चार्जिंगला."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यात बाकीचं सगळं."

सी-टाइपची कल्पना खरं तर चांगली आहे. 2014 साली ती आली, आत 24 पिना, उलटी घाला, सुलटी घाला, जाते. युरोपीय संघाने तर कायदाच केला, की 28 डिसेंबर 2024 पासून विकायच्या फोनांना हेच भोक हवं, आणि लॅपटॉपांना 28 एप्रिल 2026 पासून. भोक एक झालं. वायरी मात्र एक झाल्या नाहीत. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक नुसतं चार्जिंग करते, दुसरी सामान नेते पण रमतगमत, आणि तिसरी सेकंदाला 40 गिगाबिट नेते; कोणती कुठली हे तिच्या अंगावर लिहिलेलं असेलच असं नाही. मी शेवटी मास्किंग टेप आणि मार्कर घेऊन बसले आणि फ्रीझरमधल्या डब्यांवर लिहिते तशा चिठ्ठ्या लावल्या. "फक्त चार्जिंग." "ही टीव्हीला चालते." "हिचं काय ते माहीत नाही, टाकू नये." तिसऱ्या प्रकारच्याच सगळ्यात जास्त निघाल्या.

पण हे सगळं किरकोळ. खरा मुद्दा पैठणीचा होता.

2002 साली याच मुलाचं बारसं शॉमबर्गात झालं, तेव्हाच्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, थोरल्या नणंदबाई न्यू जर्सीहून. सासूबाईंचं म्हणणं असं, की त्यांनी स्वतःसाठी आणलेली वांगी रंगाची मोरबांगडी पैठणी ताईंनी "आजच्या दिवस नेसते" म्हणून घेतली, आणि तो आजचा दिवस अजून संपलेला नाही. ताईंचं म्हणणं असं, की त्यांनी नेसली ती त्यांच्या स्वतःच्या लग्नातली, येवल्याहून घेतलेली, राणी रंगाची. आईची पैठणी पुण्यातल्या गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात असेल, नीट बघावी. वीस-बावीस वर्षं हा वाद दिवाळीच्या फोनवर सौम्यपणे चालू होता. या खेपेला सासूबाई ते कपाट तळापासून रिकामं करून, खात्री करून आल्या होत्या.

"बारशाचं शूटिंग आहे ना तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "लावा."

लावा म्हणणं सोपं आहे. ते शूटिंग मिनी डीव्हीच्या टेपवर होतं. काडेपेटीहून जराशी मोठी टेप, एकीवर साठ मिनिटं. ती कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवायची तर फायरवायर नावाची वायर लागते. ॲपलने ती वाढवली, 1995 साली तिचं प्रमाण ठरलं, सोनी तिला आयलिंक म्हणायची आणि इंजिनिअर लोक 1394 हा तिचा नंबर सांगायचे. नवरा तिन्ही नावं वापरतो, समोरच्याला किती कळतं ते बघून.

त्या काळी सर्रास असलेली यूएसबी सेकंदाला 12 मेगाबिट नेत होती आणि टेपवरच्या चित्राला 25 लागत. म्हणजे यूएसबीतून बारसं मावणंच शक्य नव्हतं. फायरवायर 400 न्यायची. 2001 साली तिला एमी पुरस्कार मिळाला, टीव्हीवाल्यांना मिळतो तोच, तांत्रिक विभागातला. असल्या गुणी वायरीचं मग बिनसलं कुठे, तर पैशात. ॲपलने 1999 साली दर पोर्टमागे एक डॉलर मागितला. आरडाओरड झाल्यावर यंत्रामागे 25 सेंट, म्हणजे चार आण्यांवर आले, पण तोवर इंटेलचं मन यूएसबीवर बसलेलं होतं. आणि इंटेलमध्ये यूएसबीच्या कामात पुढे होते ते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सासूबाईंचं माहेर बडोद्याचं. हे कळल्याबरोबर फायरवायरबद्दलची त्यांची सहानुभूती साफ आटली.

"सयाजीरावांच्या विद्यापीठातला मुलगा," त्या म्हणाल्या. "त्याचंच टिकणार."

बडोद्याच्या त्या मुलाची चपटी यूएसबीसुद्धा आमच्या लॅपटॉपवरून गेलेली आहे, हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

काढून टाकण्याची ही कथा रंजक आहे. 2008 च्या ऑक्टोबरात खुद्द ॲपलनेच आपल्या नव्या ॲल्युमिनियमच्या मॅकबुकवरून फायरवायर काढली. घरोघरच्या कॅमेरेवाल्यांनी असा गदारोळ केला की 2009 च्या जूनमध्ये तोच लॅपटॉप मॅकबुक प्रो या नावाने फायरवायरसकट परत आला. 2012 च्या रेटिना मॉडेलवरून ती पुन्हा गेली. 2016 साली तर मॅकबुक प्रोवरून एचडीएमआय गेलं, कार्डाची खाच गेली, चपटी यूएसबी गेली. ओरड झाली तेव्हा कंपनीने काही महिने अडॅप्टरांच्या किमती उतरवल्या. म्हणजे भोकं परत दिली नाहीत. भोकं विकत घ्यायला सूट दिली. 2021 साली एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं 2011 सालचं शिकागोचं अधिवेशन ज्यांनी कार्डावर टिपलं होतं, त्यांचं बरं झालं. आमचं बारसं त्याच्या नऊ वर्षं आधीचं.

या कंपन्यांचं म्हणणं नेहमी एकच: हे आता कोणी वापरत नाही. त्यांचं गणित खोटं नसतं. रोज किती माणसं ते भोक वापरतात हे मोजलं तर आकडा लहानच निघणार. पण पैठणीचा पुरावा वीस वर्षांतून एकदाच लागतो. तो रोज लागत असता तर आमच्या घरात कोणी एकमेकांशी बोलतच नसतं.

आधी सोपे उपाय झाले. कॅमेरा चालू होता, तर त्याच्याच पडद्यावर टेप लावली. पडदा अडीच इंचांचा. सासूबाईंनी मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं, मग भिंग मागितलं. "पदरावर मोर दिसतोय का बघ गं," मला म्हणाल्या. मला पाळण्यात बाळ आहे की नाही तेही कळत नव्हतं.

मग टीव्ही. कॅमेरा टीव्हीला जोडायची पिवळी-पांढरी-लाल वायर निळ्या खोक्यात चक्क निघाली. तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण टीव्ही नवा. त्याच्या पाठीवर पिवळं, पांढरं, लाल काहीच नाही. 1930 च्या दशकात आरसीए कंपनीने काढलेली ही पिन रेडिओच्या काळापासून टिकली, आणि नेमकी आमच्या गरजेला पाठ फिरवून गेली. फायरवायरची मूळ वायर मात्र खोक्यात नव्हती. खोक्यात जगातलं सगळं होतं, तीच नव्हती.

गावातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. फायरवायर म्हटल्यावर तिथल्या मुलाने आम्हाला उत्साहाने ॲमेझॉनच्या फायर टॅबलेटपाशी नेऊन उभं केलं. त्याचा दोष नाही; तो जन्मला तेव्हा ही वायर पेन्शनीत निघाली होती. मग आमच्या मुलाने फोनवरून एक स्वस्तातली वायर मागवली, एका टोकाला फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी. अशा वायरी ढिगाने मिळतात, छान पाकिटात येतात, दोन्ही टोकं नीट बसतात आणि मधून काहीही जात नाही. जाणारच नाही. फायरवायरमध्ये दोन्ही बाजू समान मानाच्या, कोणीही बोलायला सुरुवात करावी. यूएसबीत एक यजमान असतो, आणि त्याने विचारल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नसतं. नुसतं टोक बदलून हा स्वभाव बदलत नाही. नवऱ्याने हे हातवारे करून समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या सासरी यूएसबी होती," त्या म्हणाल्या.

शेवटी मी पुण्याला भावाला फोन केला. तो बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेला. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "चार पिन, सहा पिन की नऊ पिन?" या एका प्रश्नात इलिनॉय राज्यातल्या समस्त दुकानांचा निकाल लागला. भावाला आम्ही सांगून ठेवलं होतं, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला चार. दुकानदाराने ती दिली आणि वर सहा-चारचीही पिशवीत टाकली. "असू द्या साहेब, लागेल." हे ऐकून नवऱ्याचे डोळे पाणावले. जगात आपल्यासारखं कोणीतरी आहे, आणि तेही दुकान टाकून बसलेलं. वायरी कोणाच्या तरी सासऱ्यांच्या बॅगेतून, थालीपिठाच्या भाजणीत रोवून आल्या. अजून त्यांना खमंग वास येतो.

वायर आणि लॅपटॉप यांच्या मधले सांधे मिळवायला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा केली. मंडळाला या विषयाचा अनुभव दांडगा आहे. कार्यक्रमाला शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं की तिथल्या प्रोजेक्टरला निळा व्हीजीए असतो: तीन ओळींत पंधरा छिद्रं आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. आयबीएमने तो 1987 साली आणला. 2010 च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून त्याला 2015 च्या आसपास निरोप द्यायचं जाहीर केलं. पण शाळांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही. त्यामुळे दर कार्यक्रमात नांदी व्हायच्या आधी स्टेजवरून पुकारा होतो, "कोणाकडे डोंगल आहे का, डोंगल?" पार्किंगमधली अमुक नंबरची गाडी हलवा, याच्या खालोखाल हीच घोषणा जास्त वेळा होते.

आमच्यात एक गृहस्थ आहेत, ते कमरेला पाऊच लावून येतात. त्यात एचडीएमआयचा, व्हीजीएचा, डिस्प्लेपोर्टचा, सगळ्यांचा एकेक तुकडा. पुकारा झाला की ते लगेच उठत नाहीत. दुसऱ्या पुकाऱ्याला उठतात. सभागृह टाळ्या वाजवतं. त्यांनी वर्गणी भरलेली कोणाला आठवत नाही आणि विचारायची कोणाची टाप नाही. अध्यक्ष दर काही वर्षांनी बदलतात. पाऊच तोच आहे.

त्यांच्याकडे सी-टाइपच्या भोकात बसणारा, थंडरबोल्ट तीनचा दोन करणारा तुकडा निघाला. दोनाचा फायरवायर 800 करणारा नेपरव्हिलच्या एका घरी निघाला. तो आणायला गेलो तर चहा, चहावर चिवडा, आणि चिवड्यावर त्यांची टेपांची पिशवी: "तुमचं झालं की आमच्या मुंजीचंही बघा." परत येईपर्यंत आमच्या नावावर दोन मुंजी, एक गृहप्रवेश आणि यलोस्टोनची सहल जमा झाली होती.

जेवणाच्या टेबलावर जुळणी झाली. लॅपटॉप, त्यात पहिला पांढरा तुकडा, त्यात दुसरा पांढरा तुकडा, त्यात तपकीर गल्लीची वायर, तिच्या टोकाला कॅमेरा. शेपूट लॅपटॉपपेक्षा जड झालं होतं, म्हणून मधल्या सांध्याखाली पोळपाट ठेवला. नवऱ्याने कॅमेरा चालू केला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. पडदा आमच्याकडे बघत राहिला.

वायरी जुळल्या होत्या, पण नव्या प्रणालीला फायरवायर हा शब्दच माहीत नव्हता. हा आजार आता साथीचा आहे; ॲपलने 2025 साली आणलेल्या मॅक प्रणालीच्या टाहो या आवृत्तीतून फायरवायरचा आधारच काढून टाकला. लिनक्सच्या गोटात मात्र ताकाशी साकामोतो नावाचे एक प्रोग्रॅमर फायरवायरचा भाग सांभाळतात, आणि 2029 पर्यंत सांभाळायचा त्यांचा बेत त्यांनी जाहीर केलेला आहे. जगभरातल्या कितीतरी बारशा-मुंजींचा हवाला त्या एका माणसावर आहे, आणि नेपरव्हिलच्या पिशवीची त्यांना कल्पना नसावी. मुलगा म्हणाला, "लिनक्स टाकू का?" सासूबाई म्हणाल्या, "काय टाकायचं ते माझं तिकीट व्हायच्या आत टाका."

तेव्हा नवरा काही न बोलता बेसमेंटमध्ये गेला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आला. पॉवरबुक जी4, टायटॅनियमचा. हा घरात आहे हे मला माहीत नव्हतं. मी तो रिसायकलिंगला दिल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. मी दिला होता आणि यांनी परत आणला होता. त्याच्या आतली जी4 चिप मोटोरोलाची. तिचं काम ऑस्टिनला चालायचं, पण मुख्यालय शॉमबर्गाचं, म्हणून नवरा तिला "आमची चिप" म्हणतो. त्याचं स्वतःचं काम पोलिसांच्या वॉकीटॉकीवर होतं. बॅटरी केव्हाच गेलेली, वायर हलली की यंत्र बंद, बिजागरीला चिकटपट्टी. पण मागची झडप उघडली, तर आत फायरवायरचं सहा पिनांचं भोक स्वच्छ, वाट बघत असलेलं. तपकीर गल्लीच्या दुकानदाराने फुकटच्या आग्रहाने दिलेली सहा-चारची वायर त्यात बसली आणि पॉवरबुकने कॅमेरा लगेच ओळखला.

पुढचा तास मी विसरणार नाही. मिनी डीव्हीची रीत अशी की साठ मिनिटांची टेप उतरायला साठ मिनिटं लागतात. पुढे ढकलून बघता येते, पण सासूबाईंनी ढकलू दिली नाही. "मधेच गेलं तर?" कॅमेरामन अर्थातच नवरा. पहिली काही मिनिटं क्लबहाउसचं छत आहे, कारण कॅमेरा चालू झाल्याचं त्याला कळलेलं नव्हतं. मग दारातले बूट आहेत. मग झूम नवा असल्यामुळे आगीच्या घंटेवरची इंग्रजी सूचना आहे, पार तळच्या ओळीपर्यंत वाचता येईल अशी. जिलबीच्या ट्रेला जेवढा वेळ मिळाला तेवढा उत्सवमूर्तीला मिळालेला नाही. बाळाचं नाव कानात सांगितलं गेलं त्या क्षणी कॅमेरा कोणाच्या तरी पाठीमागे होता. ती पाठ कोणाची, यावर आमच्याकडे वेगळा वाद सुरू झालेला आहे.

"थांबव!" सासूबाई ओरडल्या. "ती बघ!"

ताई जिलब्या वाढत होत्या. पैठणी अंगावर होती. नवऱ्याने चित्र थांबवलं आणि आम्ही चौघं पडद्यावर वाकलो. क्लबहाउसच्या पिवळ्या दिव्यांत कॅमेऱ्याने रंगांचं जे काही करायचं ते करून ठेवलेलं होतं. वांगी म्हणाल तर वांगी नव्हती, राणी म्हणाल तर राणी नव्हती. आमसुली होती. घरातल्या सगळ्याच बायका आमसुली होत्या, भिंतही होती. राहिला पदर, मोर असले तर त्याच्यावर. पदर वाढायच्या सोयीसाठी कमरेला घट्ट खोचलेला.

सासूबाईंनी तिथल्या तिथे न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी फोन पॉवरबुकच्या पडद्यासमोर धरला.

"राणी आहे," ताई म्हणाल्या. "स्पष्ट दिसतंय."

"वांगी आहे," सासूबाई म्हणाल्या. "स्पष्ट दिसतंय."

ताईंनी मग हुकमी पान काढलं. त्यांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, पुण्याची, त्यात त्यांची पैठणी घडी मोडल्यापासून दिसते. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "व्हीसीआर आहे खाली," तो म्हणाला. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 च्या जुलैमध्ये ते बंद केले. आमच्या बेसमेंटला ती बातमी पोहोचलेली नाही. पण मुलगा त्याच्या फोनवर काहीतरी वाचत होता. पुण्याची कॅसेट पाल पद्धतीची, इथला व्हीसीआर एनटीएससीचा. लावली तरी चित्र धड दिसायचं नाही. नवरा म्हणाला, त्याचं कन्व्हर्टर मिळतं. तपकीर गल्लीत नक्की मिळेल.

सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कॅसेट राहू दे. थँक्सगिव्हिंगला येते आहेस ना? पैठणीच घेऊन ये. दिवसाउजेडी बघू."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"अगं आई, तिचा ना... मी लेहंगा शिवून घेतला. पोरीच्या ग्रॅज्युएशनला. जुनीच झाली होती, कोण नेसतं आता."

"काठ काढून ठेवलेस?"

न्यू जर्सीकडून उत्तर नाही.

"शिंप्याने उरलेला तुकडा दिला असेल. पदराचा. तो कुठाय?"

ताईंचा चेहरा पडद्यावर होता, ओठही हलत होते, पण आवाज येत नव्हता. म्यूटचं चिन्ह मला दिसत होतं. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"बघ गं जरा, कुठली वायर सुटली?"